उलटीसाठी मीठपाणी नको

कुत्र्याने भेक (खरखरीत कातडीचा बेडूक) तोंडात धरला तर मीठपाणी पाजून उलटी काढा, असं कुणीतरी सुचवलंय. कृपया तसं अजिबात करू नका, जास्त मीठ कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. पावसाळ्यात अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपायला येणाऱ्या खरखरीत भेकाच्या डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी असतात. त्यातलं पांढरट विष हिरड्यांतून अंगात भिनतं. म्हणून आधी तोंड धुवा: मान खाली, पाण्याची धार बाजूने, घशात न जाता बाहेर पडेल अशी, 5-10 मिनिटं. हिरड्या, जीभ ओल्या फडक्याने पुसा, फडकं दर वेळी खळबळून घ्या. नुसती लाळ बहुतेकदा ओसरते, तरी डॉक्टरांना फोन कराच. झोकांड्या किंवा झटके दिसले तर धूत बसू नका, थेट दवाखाना गाठा. पिल्लू असेल तर लक्षणांची वाटही बघू नका.