दास्कालोयानिस: शूर पुढारी, की भाबडा व्यापारी?

रानवाट:
ग्रीसच्या क्रीट बेटावर हानिया शहराच्या विमानतळाला इओआनिस दास्कालोयानिसचं नाव आहे. ते वाचून त्याच्याबद्दल बरंच वाचलं आणि मनात किंतू राहिला. स्फाकिया या डोंगराळ भागातल्या अनोपोली गावचा हा जहाजमालक, घरचं आडनाव व्लाखोस. शिकलेला म्हणून लोक 'दास्कालोस' म्हणत, आपल्याकडे गुरुजी म्हणतात तसं. तीन डोलकाठ्यांची चार व्यापारी जहाजं होती. रशियाच्या राणीचा सेनानी ओर्लोव्ह याने मदतीचा शब्द दिला आणि मार्च 1770 मध्ये याने ओटोमन, म्हणजे तुर्की, सत्तेविरुद्ध उठाव केला. स्फाकियाचा मुख्य धर्मगुरू नको म्हणत होता. रशियन आरमार आलंच नाही. गावं जळाली, माणसं गुलाम म्हणून नेली. आयुष्यभर दर्यावर सौदे केलेल्या माणसाला एवढंही कळू नये की परक्याच्या शब्दावर गाव पणाला लावायचं नसतं?

माधवी:
रानवाट, निकाल ठाऊक असलेल्या माणसाचा राग आहे हा. रशियन आरमार भूमध्य समुद्रात खरोखर आलं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर चेश्मेला त्याने तुर्की आरमार जाळलं. म्हणजे मदत ही निव्वळ थाप नव्हती, ती क्रीटला पोचली नाही एवढंच. आणि गमावण्यासारखं त्याच्याइतकं त्या डोंगरात कुणाकडे होतं? गप्प बसून पैसा करणं त्याला सर्वांत सोपं होतं.

रानवाट:
त्याने काय गमावलं याबद्दल वाद नाही. पण मेंढपाळाने काय गमावलं? त्याला ना ओर्लोव्ह माहीत, ना रशियाची राणी कॅथरीन. जोखीम कुठली, हे ज्याला कळत होतं त्याच्यावर जास्त जबाबदारी येते. ताईंनी याचं उत्तर द्यावं.

माधवी:
देते. 1771 मध्ये तो सत्तर माणसांसह फ्रँगोकास्तेलोच्या किल्ल्यात स्वतःहून स्वाधीन झाला. लोकपरंपरा सांगते की पाशाने, म्हणजे तुर्की सुभेदाराने, आपल्या कैदेतल्या त्याच्या भावाकडून त्याला बोलावणं लिहून घेतलं, तेव्हा भावाने त्यात 'म' हे अक्षर तीनदा घातलं. ग्रीकमध्ये 'मी' म्हणजे 'नको'. येऊ नकोस. तरी तो गेला. 17 जून 1771 ला कांदियात, म्हणजे आजच्या हेराक्लिओनमध्ये, त्याची जिवंतपणी कातडी सोलली. तो ओरडला नाही, भाऊ मात्र ते पाहून वेडा झाला असं सांगतात. जबाबदारी याहून वेगळी कशी घ्यायची असते?

दर्यावर्दी:
दोघांनाही एक सांगतो. मरण पत्करलं म्हणून आधीचा निर्णय बरोबर ठरत नाही, इथे मी रानवाट यांच्या बाजूने. पण मेंढपाळाला विचारलंच नाही असं म्हणू नका. 1786 मध्ये बार्बा पांझेलिओस नावाच्या निरक्षर चीज करणाऱ्याने या माणसावर हजारांवर ओळींचं गाणं रचलं आणि दुसऱ्या एकाने ते उतरवून घेतलं. गाव जळून पंधरा-सोळा वर्षं झालेली. रागच असता तर हे गाणं पाठ करायला कुणी वेळ दिला असता का?

रानवाट:
गाणं जिवंत राहिलेल्यांनी रचलं, दर्यावर्दी. ज्यांना गुलाम म्हणून नेलं त्यांचं मत कुणी उतरवून घेतलं नाही. माझा प्रश्न त्यांच्या वतीने आहे आणि तो मी मागे घेत नाही.

माधवी:
नका घेऊ. फक्त त्या प्रश्नात रशियाचंही नाव घाला. 1774 च्या तुर्कांशी झालेल्या तहात रशियाने आपलं पदरात पाडून घेतलं, स्फाकियाच्या वाट्याला काही आलं नाही.