मदत हवी आहे: चष्म्याचा नंबर असताना सायकलिंगसाठी गॉगल कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

सायकलसाठी गॉगल घ्यायचा आहे आणि जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय, म्हणून हा धागा काढला. ज्यांना नंबर आहे आणि जे नेमाने लांबच्या राईड करतात त्यांनी जरूर लिहा.

दोन्ही डोळ्यांना मायनस साडेतीनच्या आसपास नंबर आहे, उजव्याला थोडा सिलिंड्रिकलही. त्यात आता चाळिशी लागली, त्यामुळे लांबचा चष्मा लावून सायकल कॉम्प्युटरवरचे बारीक आकडे नीट दिसत नाहीत. आजवर रोजच्या चष्म्यावरच चालवत आले. सपाटीवर निभतं, पण उतारावर वेग वाढला की काचेच्या कडेने वारा आत शिरतो, डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं आणि नेमकं नीट बघायची गरज असते तेव्हाच रस्ता धूसर होतो. मध्यंतरी संध्याकाळी एक चिलट वरच्या फटीतून थेट डोळ्यात गेलं. एक डोळा घट्ट मिटून, एका हाताने हँडल सांभाळत कशीबशी सायकल कडेला घेतली. तेव्हा मागून गाडी येत असती तर काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही. हेल्मेटला जितकं महत्त्व देते तितकंच आता गॉगललाही द्यायचं ठरवलंय.

आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल फारसं कुठे वाचायला मिळालं नाही. ड्रॉप्स (हँडलचा खाली वळलेला भाग) धरून वाकलं की समोरचा रस्ता चष्म्याच्या अगदी वरच्या भागातून बघावा लागतो. तिथे फ्रेमची कड आडवी येते. नजर कडेच्या वरून गेली तर तिथे नंबरच नाही. मान उचलून चालवलं तर थोड्या वेळाने मानेला रग लागते.

राईड बहुतेकदा पहाटे अंधारात सुरू होते आणि परतेपर्यंत ऊन चांगलंच चढलेलं असतं. वाटेत दाट झाडी, बोगदा, पुन्हा लख्ख ऊन, असं सगळं येतं. म्हणून फोटोक्रोमिक (उन्हात आपोआप गडद आणि सावलीत फिकी होणारी काच) घ्यावा की काचा बदलता येणारा, हे ठरत नाहीये. नंबर थेट गॉगलच्या काचेत करून घ्यावा, आत बसवायची वेगळी नंबरची फ्रेम घ्यावी, की सरळ कॉन्टॅक्ट लेन्स लावून साधा गॉगल वापरावा? पोलराइज्ड (चकाकी कापणारी काच) हवाच असं काहीजण म्हणतात, काहीजण सायकलवर नकोच म्हणतात. यातलं खरं काय? तुमचे अनुभव कारणांसकट लिहिलेत तर फार मदत होईल.

प्रतिसाद १

सगळ्यात आधी रंग आणि संरक्षण या दोन गोष्टी वेगळ्या करा. काच काळी आहे म्हणून ती अतिनील किरण अडवते असं मुळीच नाही. उलट, काळी पण अतिनील किरण न अडवणारी काच जास्त वाईट. अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण आत जायला वाट मिळते. गॉगलवर 'यूव्ही ४००' लिहिलेलं असावं, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवले जातात. चांगल्या पारदर्शक काचेतही हे संरक्षण असतं, त्यामुळे ढगाळ हवेतसुद्धा गॉगल लावून ठेवा. वर्षानुवर्षं उन्हात राहणाऱ्यांना मोतीबिंदूचा आणि डोळ्यावर मांस वाढण्याचा धोका जास्त असतो, आणि सायकलवर आपण तासन्‌तास उघड्यावर असतो.

काच किती गडद आहे ते ० ते ४ या श्रेणीवरून कळतं. हा आकडा बहुधा काडीच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. श्रेणी ० मधून ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश आत येतो, १ मधून ४३ ते ८०, २ मधून १८ ते ४३, ३ मधून ८ ते १८ आणि ४ मधून जेमतेम ३ ते ८ टक्के. श्रेणी ४ बर्फाळ डोंगरांसाठी ठीक, रस्त्यावर वाहन चालवताना ती वापरायची नसते. रणरणत्या उन्हासाठी ३ योग्य, ऊन-सावलीच्या रस्त्यावर मला २ जास्त आवडते. आणि ज्या काचेतून ७५ टक्क्यांहून कमी प्रकाश येतो ती तिन्हीसांजेला किंवा रात्री गाडी चालवताना लावू नये असा दंडक आहे. तुम्ही पहाटे अंधारात निघता, तेव्हा तोच सायकललाही लावा.

काच पॉलिकार्बोनेटची किंवा ट्रायव्हेक्सची, म्हणजे मजबूत प्लास्टिकची घ्या. दोन्ही आघात सोसतात. खरी काच सायकलवर नको, उडालेला खडा लागून फुटली तर तुकडे डोळ्यातच जातील.

प्रतिसाद २

मी फोटोक्रोमिकच्या बाजूने. थांबून काचा बदलणं प्रत्यक्षात कुणी करत नाही. सुटी काच जर्सीच्या खिशात चाव्यांशेजारी घासली जाते आणि कायमची ओरखडते. श्रेणी ० किंवा १ पासून ३ पर्यंत जाणारी काच मिळते, तीत तुमची पहाट आणि दुपार दोन्ही निघतील.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाशी बराच सहमत, पण बोगद्याचं मूळ प्रश्नात आहे म्हणून लिहितो. फोटोक्रोमिक काच उन्हात मिनिटाच्या आत बऱ्यापैकी गडद होते, मात्र परत फिकी व्हायला तिला कित्येक मिनिटं लागतात. उन्हातून उताराच्या वेगात बोगद्यात शिरलात तर आत असेपर्यंत ती गडदच राहणार. शिवाय थंडीत ती जास्त गडद होते आणि फिकी व्हायला आणखी वेळ घेते, कडक उन्हाळ्यात पूर्ण गडद होत नाही. ऊन हळूहळू चढतं तेव्हा तिच्यासारखं सुख नाही, पण क्षणात बदलणाऱ्या उजेडासाठी तिच्यावर विसंबू नका. बोगद्याआधी वेग कमी करा, आणि गॉगल नाकावरून खाली ओढून काम भागेल हे नंबरवाल्यांना लागू नाही हेही लक्षात घ्या.

पोलराइज्डबद्दल: ओल्या रस्त्यावरची, पाण्यावरची आडवी चकाकी तो छान कापतो, डोळ्यांना आराम वाटतो. पण ती चकाकी सायकलवाल्याच्या कामाची असते. रस्त्यावर सांडलेलं तेल, ओला पट्टा, गुळगुळीत झालेलं डांबर हे आपण त्या चमकेवरूनच ओळखतो. दुसरं म्हणजे काही स्क्रीन पोलराइज्ड काचेतून ठरावीक कोनात काळ्या पडतात. घ्यायचाच असेल तर आपला कॉम्प्युटर सोबत नेऊन, गॉगल लावून, मान डावी-उजवीकडे कलवून बघा. मी सायकलला साधा आणि बाकी वेळेला पोलराइज्ड वापरतो.

रंगाचं म्हणाल तर तपकिरी किंवा तांबूस काचेतून खड्ड्याच्या कडा आणि खडी जास्त उठून दिसते. करडी काच रंग जसेच्या तसे दाखवते, पण रस्ता जरा सपाट वाटतो. माझी पसंती तपकिरीलाच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पोलराइज्डचा प्रश्न माझ्यापुरता सुटला, तेल-पाण्याचा मुद्दा एकदम पटला. फोटोक्रोमिककडे कल झुकतोय, रंग तपकिरी. आता नंबरचं सांगा ना. एका ठिकाणी चौकशी केली तर म्हणाले, वळणदार गॉगलमध्ये कुठलाही नंबर बसवून देतो, काही फरक पडत नाही. दुसरीकडे म्हणाले, तुमचा नंबर होणारच नाही. कुणाचं ऐकू?

प्रतिसाद ४

दोघांचंही नाही. चष्म्यांच्या कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रोजच्या चष्म्याची काच बरीच सपाट असते. सायकलचा गॉगल चेहऱ्याभोवती वळलेला असतो, आमच्याकडे त्याला आठ बेसची फ्रेम म्हणतात. अशा वळणात आणि तिरक्या बसणाऱ्या काचेत तुमच्या कार्डावरचा नंबर जसाच्या तसा घातला तर तो डोळ्याला वेगळाच लागतो. कडेला चित्र ताणल्यासारखं दिसतं, जमीन तिरकी भासते, डोकं जड होतं. सिलिंड्रिकल असेल तर त्रास आणखी जाणवतो. म्हणून फ्रेम तुमच्या चेहऱ्यावर बसवून तिचं वळण, खालच्या बाजूचा कल आणि डोळ्यापासूनचं अंतर मोजतात आणि त्यानुसार नंबर बदलून काच घडवतात. ही मापं घेतली नाहीत तर ते काम तिथे करून घेऊ नका. आणि तयार काचेच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी दिलेल्यापेक्षा थोडा वेगळा नंबर दिसला तर घाबरू नका, तो याच हिशेबातला असतो.

मायनस साडेतीन नीट होतो. नंबर याच्या बराच पुढे गेला की काचेची कड जाड होते आणि वळणदार फ्रेममध्ये बसवणं अवघड होत जातं. तुम्हाला सांगेन की फ्रेम निवडतानाच थोडी कमी वळणाची घ्या, कडेने वारा अडला म्हणजे पुरे. एकसंध मोठ्या ढालीसारख्या काचेत सहसा थेट नंबर करत नाहीत, तिथे आत बसणारी नंबरची छोटी फ्रेम घ्यावी लागते.

त्या आतल्या फ्रेमचे फायदे खरे आहेत. नंबर बदलला तर तेवढीच बदलायची, बाहेरची काच हवी ती लावायची. पण तुमची मुख्य तक्रार वाकल्यावर वरून न दिसण्याची आहे, आणि आतली फ्रेम लहान असल्यामुळे ती तिथेच कमी पडते. दोन काचांच्या मध्ये चढावर वाफ धरते, पुसायला चार पृष्ठभाग होतात, लांब पापण्या काचेला घासतात. तुमच्यासाठी मी थेट नंबरच्या, वरची कड नसलेल्या किंवा उंच काचेच्या अर्ध्या फ्रेमच्या बाजूने आहे. हे डोळ्यांना सवय होईपर्यंत आधी घरात, मग गर्दी नसलेल्या रस्त्यावर वापरा.

प्रतिसाद ५

मी कॉन्टॅक्ट लेन्सवाला. बाजूची पूर्ण नजर मिळते, मान वळवून मागे बघताना याचं मोल कळतं. कुठलाही साधा गॉगल चालतो. मात्र वाऱ्याने लेन्स कोरड्या पडतात, तेव्हा गॉगल चेहऱ्यालगत बसणारा हवा. रोज नवीन लावायच्या प्रकारातल्या घ्या आणि एक जोडी बरोबर ठेवा. धूळ गेली तर बाटलीतल्या पाण्याने लेन्स कधीही धुवू नका. त्याने डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो. लेन्स काढून टाका, हात स्वच्छ करून नवी लावा.

धागाकर्ती

लेन्स पूर्वी वापरून पाहिल्या आहेत, डोळे फार कोरडे पडतात, त्यामुळे तो रस्ता माझ्यासाठी बंद आहे. प्रतिसाद ४, इतकं समजावून सांगितल्याबद्दल खूप खूप धन्यवाद. आता फक्त चाळिशीचं राहिलं. प्रोग्रेसिव्ह काच (वर लांबचा, खाली हळूहळू जवळचा नंबर असलेली) केली तर आकडेही दिसतील ना?

प्रतिसाद ४

दिसतील, पण सायकलवर प्रोग्रेसिव्हचा त्रास होतो. वाचनाचा भाग खाली असतो आणि चाकापुढचा खड्डा, खडी आपण खालूनच बघतो. तो दोन-तीन मीटरवरचा रस्ता वाचनाच्या नंबरमधून धूसर दिसेल. मान वळवून मागे बघतानाही कडेचा अस्पष्ट भाग आड येतो. शिवाय कॉम्प्युटर पुस्तकाइतका जवळ नसतो, साधारण ६० ते ७० सेंटिमीटरवर असतो. तेवढ्यासाठी वाचनाचा पूर्ण नंबर लागतही नाही.

आधी एक सोपा उपाय करून बघा. कॉम्प्युटरच्या एका पानावर दोन किंवा तीनच आकडे ठेवा, ते आपोआप मोठे होतात. हँडलपासून थोडं पुढे बसवायचं माउंट असेल तर स्क्रीन आणखी लांब जाते, चाळिशीच्या सुरुवातीला तेवढ्यानेही भागतं. नाहीच भागलं, तर काचेच्या अगदी खालच्या कडेला छोटासा बायफोकल भाग, तोही कमी नंबरचा, हँडलपर्यंतचं अंतर मोजून करून घ्या. बाकी सगळी काच लांबच्या नंबरची राहू द्या.

प्रतिसाद ३

फ्रेम बघायला जाताना हेल्मेट घेऊन जा. काड्या हेल्मेटच्या मागच्या पट्टीला टेकल्या तर गॉगल सारखा पुढे ढकलला जातो. हेल्मेट घालून, सायकलवर असता तसं वाका आणि मान न उचलता फक्त डोळ्यांनी समोर बघा. कड दिसली तर ती फ्रेम सोडा. मग मान जोरात हलवा. नाकावरचे पॅड मऊ रबराचे आणि वाकवता येणारे असावेत, घामातही पकड धरणारे. काच गालाला किंवा भुवईला चिकटत असेल तर सिग्नलला थांबल्याबरोबर वाफ धरणार. वर बारीक फट किंवा छिद्रं हवीत, पण चिलट शिरेल इतकी नकोत.

काड्या हेल्मेटच्या पट्ट्यांवरून घालाव्यात, म्हणजे गॉगल काढता-घालताना पट्टे आड येत नाहीत. आणि राईडनंतर काच जर्सीने पुसू नका. आधी पाण्याखाली धरून धूळ वाहू द्या, मग साबणाचा थेंब, मग मऊ कापड. कोरडी पुसली की धुळीचे कण कोटिंगवर ओरखडे काढतात.

धागाकर्ती

ठरलं तर. कमी वळणाची, वरची कड नसलेली फ्रेम, थेट नंबरच्या तपकिरी फोटोक्रोमिक काचा, पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स, मापं घेऊनच. कॉम्प्युटरवरचे आकडे आजच तीनवर आणले आणि लगेच फरक जाणवला, त्यामुळे बायफोकल सध्या थांबवते. पहाटेच्या अंधारात फोटोक्रोमिक काच कितपत फिकी राहते हे कुणी वापरणाऱ्याने सांगितलं तर हवं आहे.

प्रतिसाद २

मागणी करतानाच 'पूर्ण फिकी असताना किती टक्के प्रकाश आत येतो' हे विचारून लिहून घ्या. ८० टक्क्यांच्या वर असेल तर अंधारात निर्धास्त वापरा. त्याहून बरीच कमी असेल तर उजाडेपर्यंत जुना चष्मा लावा आणि गॉगल डबीत ठेवा.