परदेशातून आलेला फोन आणि आपले सिम : कंपनीचे लॉक काढून घेतानाचे अनुभव

आमच्या लातुरातून बारावीनंतर अभियांत्रिकीला आणि तिथून परदेशी गेलेली मुले आता गल्लोगल्ली आहेत. सुट्टीवर येताना ती आई-वडिलांसाठी, मामा-काकांसाठी एखादा चांगला फोन घेऊन येतात. फोन प्रेमाने दिलेला असतो, महागही असतो, आणि आपले सिम घातल्यावर तो चालत नाही, कारण ज्या परदेशी कंपनीने तो विकला तिचेच सिम तो स्वीकारतो. हे लॉक कसे निघाले, किंवा का निघाले नाही, ते प्रत्येकाने स्वतःच्या अनुभवावरून लिहावे, यासाठी हा धागा काढला आहे. सुरुवात मीच करतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला भाचा अमेरिकेहून आला आणि जाताना स्वतःचा आयफोन मला देऊन गेला. तो गेल्यावर मी माझे सिम घातले, तर पडद्यावर ‘सिम नॉट सपोर्टेड’ अशी सूचना आली. गंजगोलाईजवळच्या एका दुकानात फोन दाखवला. दुकानदाराने अडीच हजार रुपये सांगितले आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ चिप माझ्यादेखत सिमला चिकटवून दोन्ही मिळून ट्रेमध्ये बसवले. फोनला रेंज आली, मी समाधानाने पैसे दिले. प्रत्यक्षात लॉक निघालेच नव्हते. सिम आणि फोन यांच्यामध्ये बसलेली ती चिप हे सिम मूळ कंपनीचेच असल्याचे फोनला भासवत होती. तीन आठवड्यांनी फोनने रात्रीतून नवे सॉफ्टवेअर घेतले आणि सकाळी पुन्हा तीच सूचना समोर आली. त्याच आठवड्यात बहिणीला दवाखान्यात दाखल केले होते आणि माझा नंबर अख्खा दिवस बंद लागत होता, हे मी विसरू शकत नाही.

मग भाच्याला सांगितले. तो म्हणाला, ‘‘मामा, आधी मला विचारायचं होतं. ती चिप काढून ठेवा आणि *#०६# दाबल्यावर जो नंबर येतो तो मला वाचून दाखवा.’’ चष्मा लावून आयएमईआयचे, म्हणजे त्या फोनच्या ओळख क्रमांकाचे, पंधरा अंक मी त्याला दोनदा वाचून दाखवले. चौकशीअंती कळले, की फोन छत्तीस हप्त्यांवर घेतलेला होता, अकरा हप्ते बाकी होते आणि ते पूर्ण फिटल्याशिवाय कंपनी फोन मोकळा करत नव्हती. त्याने उरलेली रक्कम एकदम भरली आणि कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज केला. दोन दिवसांनी मंजुरीचा ईमेल आला. इकडे मी फोन वायफायला जोडला, बंद करून चालू केला आणि सिम घातले. सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाउट, असे खाली गेल्यावर ‘कॅरियर लॉक’ या शब्दांपुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे दिसले. या कामाचे शुल्क काहीही लागले नाही.

मला कळकळीने सांगायचे आहे ते हेच, की अशा फोनचे लॉक तो फोन विकणाऱ्या कंपनीच्या नोंदीत असते, आणि गावातल्या दुकानदाराचा हात तिथवर पोहोचत नाही. अर्ज करता येतो तो ज्याच्या नावावर खाते आहे त्याला. म्हणून फोन देणारा माणूस विमानात बसण्यापूर्वीच त्याला हे विचारून घ्यावे.

जालना, निवृत्त लेखनिक

माझा अनुभव जुना आहे, पण तो इथे नोंदवावासा वाटतो. २००४ मध्ये मी सीडीएमए पद्धतीचा फोन घेतला होता. त्याला सिमची जागाच नव्हती. नंबर थेट हॅंडसेटमध्ये भरलेला असे. २० जानेवारी २०११ रोजी देशभर नंबर पोर्ट करण्याची सोय सुरू झाली, तेव्हा मी १९०० वर मेसेज पाठवून कोड मिळवला आणि आठ दिवसांत कंपनी बदलली. नंबर गेला, हॅंडसेट मात्र जागच्या जागीच राहिला, कारण नव्या कंपनीचे सिम घालणार तरी कुठे? वापरण्याजोगा, एकही ओरखडा नसलेला फोन होता तो. आजही कपाटात आहे.

छत्रपती संभाजीनगर, मोबाइल दुरुस्ती करणारा

पैठण गेटला मी पंधरा वर्षांपासून हे काम करतो. गिऱ्हाईक ‘लॉक’ हा एकच शब्द वापरते, पण त्याचे अर्थ तीन असतात आणि आधी ते वेगळे करावे लागतात. पहिले नेटवर्कचे लॉक, ज्याविषयी हा धागा आहे. दुसरे खात्याचे लॉक, म्हणजे फोनमध्ये आधीच्या मालकाचा अ‍ॅपल किंवा गुगल आयडी अडकलेला असतो. ते त्याच्याच पासवर्डने निघते. तिसरा प्रकार म्हणजे चोरीला गेला म्हणून बंद केलेला फोन. त्याला मी हात लावत नाही. सेकंडहॅंड फोन घेण्याआधी इंग्रजीत केवायएम लिहून, पुढे जागा सोडून आयएमईआय टाकून १४४२२ वर मेसेज करा, असे मी प्रत्येकाला सांगतो. ‘आयएमईआय बदलून द्या’ म्हणणारेही येतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

धागा सुरू करणाऱ्या काकांनी लिहिलेली गोष्ट आताच्या आयफोनला लागू आहे, पण पूर्वी असे नव्हते. संगणकाला लावून इंटरनेट घेण्याच्या डेटाकार्डांच्या काळात लॉक त्या यंत्रातच असे आणि आयएमईआयवरून काढलेला आठ अंकी कोड टाकला की ते निघे. दहा वेळा कोड चुकला, की मार्ग कायमचा बंद. कन्नडच्या एका विद्यार्थ्याचे डेटाकार्ड माझ्या हातून असेच गेले. मी आयएमईआयमधला एक अंक चुकीचा उतरवून घेतला होता आणि त्यावरून काढलेले कोड टाकत राहिलो. नवे कार्ड मी त्याला माझ्या पैशाने घेऊन दिले. तेव्हापासून आयएमईआय लिहून घेतला, की तो गिऱ्हाइकाकडून पुन्हा मोठ्याने वाचून घेतो.

(दुरुस्तीबद्दल आभारी आहे. लॉक यंत्रात आणि लॉक नोंदीत, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. — धागाकर्ता)

नांदेड, गृहिणी

आमचे शेजारी गुरुद्वाऱ्याजवळ राहतात आणि त्यांची लेक कॅनडात असते. तिने २०१६ मध्ये घेतलेला फोन लॉक होता आणि तिथली कंपनी तो मोकळा करून देण्याचे पैसे मागत होती. १ डिसेंबर २०१७ पासून तिथल्या नियामकाने हे शुल्क बंद केले आणि नवे फोन अनलॉक करूनच विकण्याचा नियम केला. त्यानंतर तिने तोच फोन फुकटात मोकळा करून घेतला आणि मला विकला. मला काहीच त्रास झाला नाही, एवढेच सांगायचे आहे.

धाराशिव, महाविद्यालयीन प्राध्यापिका

लॉक नसलेला फोनसुद्धा अडवतो, हे मला माझ्या दिराने अमेरिकेतून पाठवलेल्या आयफोन १४ मुळे समजले. त्याने तो मोकळा करूनच पाठवला होता. मी सिम हातात घेऊन ट्रेची जागा शोधत बसले. चारही कडांवरून नख फिरवून पाहिले. जागा नव्हतीच, कारण अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये १४ क्रमांकापासून सिमचा ट्रे ठेवलेला नाही, ते केवळ ई-सिमवर, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या सिमवर, चालतात. सुदैवाने ई-सिम आपल्याकडेही मिळते. माझे सिम ई-सिममध्ये बदलून घेतले, क्यूआर कोड स्कॅन केला आणि तासाभरात नंबर चालू झाला. मात्र आता फोन बिघडला तर सिम काढून चटकन दुसऱ्या हॅंडसेटमध्ये घालता येणार नाही, ही रुखरुख मनात आहे.

बीड जिल्हा, धारूर तालुका, शिक्षक

माझे आई-वडील ऊसतोडीला जात असत. २०१८ च्या हंगामात आम्ही एका कंपनीचा बटणांचा फोन अनामत भरून घेतला, कारण तो स्वस्त होता आणि त्यावर व्हिडिओ दिसत. त्यात त्याच कंपनीचे सिम चाले. गावी रेंज उत्तम होती, पण पश्चिम महाराष्ट्रातल्या ज्या रानात त्यांची कोपी, म्हणजे राहायची झोपडी, पडली, तिथे दुसऱ्याच कंपनीची रेंज होती. मुकादमाच्या फोनवर निरोप पाठवून मी चार महिने त्यांच्याशी बोललो. गावी परतल्यावर तो फोन घेऊन मी केजपासून बीडपर्यंत पाच दुकाने पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर मिळाले, की याचे लॉक निघत नाही आणि कंपनीही काढून देत नाही. पुढच्या हंगामाला आईने दोन फोन नेले. बोलायला जुना साधा फोन, आणि हा, रात्री कोपीत मेमरी कार्डावरची भजने ऐकायला.