ओव्यांच्या साइटची सगळी पानं एकसारखी दिसायला हवीत, सीएसएस कुठून शिकू?

सेलूकर मास्तर
नमस्कार मंडळी. मी सेलू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या तीन वर्षांपासून वहीत उतरवून घेतोय. त्यांची एक साधी साइट केलीय. माहेर, भाऊराया, पंढरी, पाऊस-पेरणी अशी मिळून ३८ पानं झालीत. एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा लिहायची भाषा, व्हिडिओ बघून जमलं, पण सीएसएस, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणारी भाषा, धड शिकलो नाही. जिथं जे हवं ते त्या टॅगातच स्टाइल म्हणून लिहीत गेलो.

परवा आईला मोबाइलवर दाखवत होतो. तिला वाचता येत नाही. दोन पानं बघितली अन् म्हणाली, "हे कुंकू येगळं अन् ते येगळं कामून रे?" तपासलं तर एका शीर्षकाचा रंग हॅश आठवर पाच शून्यं, दुसऱ्याचा दोन नव आणि चार शून्यं, तिसऱ्याला नुसतं ब्राउन. अक्षर कुठं २४ पिक्सेल, कुठं २८. ओव्या एकाच गळ्यातल्या, आणि साइटवर दहा हातांनी लिहिल्यासारख्या दिसतात. मला ते फार लागलं.

बूटस्ट्रॅप (तयार स्टाइलींचा संच) घेऊ का सीएसएस मुळापासून शिकू? रोज रात्री तासभर मिळतो, लाइट असली तर.

लातूरकर
सर, बूटस्ट्रॅप राहू द्या. त्यात बटणं, फॉर्म, मेनू असं पुष्कळ आहे. तुमच्याकडं शीर्षक, ओवी आणि खाली अर्थ, एवढंच.

माझे वडील शिंपी. गिऱ्हाइकाचं माप वहीत एकदाच लिहायचे, मग सदरा असो की पायजमा, वही उघडायची. सीएसएसमध्ये तशी वही आहे, तिला व्हेरिएबल म्हणतात. स्टाइलची एक वेगळी फाइल करा आणि प्रत्येक पानाच्या हेडमध्ये लिंक टॅगनं जोडा. त्या फाइलीत सगळ्यात वर 'रूट'मध्ये मापं लिहायची. नावाआधी दोन आडव्या रेघा लागतात, पुढचं नाव मराठीत चालतं. कुंकू, शाई, कागद अशी तीन रंगांची नावं ठेवा. उद्या कुंकवाचा रंग बदलावा वाटला तर एका जागी बदलायचा, ३८ पानं आपोआप बदलतील.

पण त्याआधी कागदावर ठरवा. रंग तीन, अक्षराची मापं तीन, मोकळ्या जागेची मापं चार: ०.५, १, २ आणि ४ रेम. एक रेम म्हणजे बहुतेक ब्राउझरांत १६ पिक्सेल. ह्या यादीबाहेरचं माप वापरायचं नाही, कितीही मोह झाला तरी. एकसारखेपणा तिथूनच येतो, बाकी सीएसएस हळूहळू येतं.

बीडची वाचक
मास्तर, मराठी मजकुराचं थोडं वेगळं बघावं लागतं. आपल्याकडं वर वेलांटी, रफार आणि खाली उकार, त्यामुळं ओळी दाटल्या की एकमेकींना टेकतात. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.७ किंवा १.८ ठेवा आणि पुढं पिक्सेल लिहू नका. नुसता आकडा असला की मोठ्या अक्षराला त्याच्याच मापानं जागा मिळते. लेटर-स्पेसिंगला (अक्षरांमधल्या जागेला) हात लावू नका, शिरोरेषा तुटते.

एचटीएमएल टॅगात भाषा मराठी म्हणून नोंदवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे उमटतात, हिंदीचे नाही. 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांचा 'मुक्त' फॉन्ट फुकट आहे, वाचायलाही छान.

सेलूकर मास्तर
दोघांचेही आभार. फाइल केली, जोडली, 'कुंकू' लिहिलं. पानं जशीच्या तशी! रात्री साडेअकरापर्यंत बसलो होतो. काय चुकायलं?

लातूरकर
टॅगातल्या जुन्या स्टाइली काढल्या का? टॅगात लिहिलेलं फाइलीतल्या नियमावर मात करतं. त्यावर 'इम्पॉर्टंट' (नियम जबरदस्तीनं वरचढ करणारी खूण) लावायचा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका, पुढं गुंता वाढतो. एक पान घ्या, त्यातल्या सगळ्या स्टाइली खोडा, मग रिफ्रेश करा.

सेलूकर मास्तर
तेच होतं! 'माहेर'च्या एकाच पानातून ६४ स्टाइली काढल्या. पान आधी अगदी उघडं पडलं, मग फाइलीतला रंग चढला. अकरा पानं झाली. आता एक अडचण: मोबाइलवर ओवीची ओळ लांब झाली की शेवटचे शब्द खाली येतात आणि नवी ओळ सुरू झाली असं वाटतं. ओवी मोडते हो. अक्षर बारीक करायची इच्छा नाही, आईच्या वयाच्या बायकांना दिसलं पाहिजे.

बीडची वाचक
अक्षर तेवढंच ठेवा. प्रत्येक ओळ वेगळ्या पॅराग्राफमध्ये घ्या, त्याला 'ओवी' असा क्लास द्या. मग डावीकडं पॅडिंग (आतली मोकळी जागा) २ रेम आणि टेक्स्ट-इंडेंट (पहिली ओळ किती सरकवायची ते माप) उणे २ रेम. ओळीची सुरुवात काठाला राहते, खाली आलेले शब्द आत सरकतात. नवी ओळ कुठली ते लगेच कळतं.

सेलूकर मास्तर
जमलं. आता 'पाऊस-पेरणी' घेतो, त्यात सगळ्यात लांब ओळी आहेत.