ब्रिज: उतारी सुधारायला काय घ्यावं? बजेट 500 (सांगली)

गावभागचा_भिडू
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं सांगलीत गावभागात रात्री जेवून बसतो, आधी 304 चालायचं, आता ब्रिजचा नाद लागलाय. बोलीचं बऱ्यापैकी जमतं, 1 नो ट्रम्पला (हुकमाशिवायच्या बोलीला) 15 ते 17 पॉइंट (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1), स्टेमन (भिडूला चार पानी बदाम-इस्पिक आहे का विचारणं), ट्रान्सफर (आपला लांब रंग भिडूला बोलायला लावणं) एवढं येतं. घोडं अडतं ते पहिल्या उतारीला, म्हणजे डावातलं पहिलं पान टाकायला. परवाचा डाव सांगतो. दक्षिणेनं 1 नो ट्रम्प, उत्तरेनं थेट 3 नो ट्रम्प (म्हणजे हुकमाशिवाय 9 हात करायचे), सगळे पास. मी पश्चिम, उतारी माझी.

इस्पिक: गुलाम, दश्शी, तिर्री
बदाम: अठ्ठी, पंजी
चौकट: राणी, नव्वी, सत्ती, चव्वी, दुर्री
किलवर: राजा, छक्की, तिर्री

मी चौकटची चव्वी टाकली. डमी (उत्तरेची पानं, ती टेबलावर उघडी ठेवतात) उघडली तर इस्पिक 6-4, बदाम राणी-6-4, चौकट एक्का-गुलाम-5-3, किलवर राणी-गुलाम-10-5. डमीतून तिर्री, भिडूची अठ्ठी, दक्षिणेनं दश्शीवर हात घेतला. मग चौकटची छक्की डमीच्या गुलामाकडं खेळली, गुलाम झाला, भिडूनं इस्पिकची नव्वी टाकली. डमीतून किलवर राणी आली, ती मी राजानं घेतली आणि परत चौकट लावली. त्यांचे 10 हात, 430 मार्क. भिडू म्हणजे माझा धाकटा साडू. त्याच्याकडं इस्पिकची एक्का-राणीसकट पाच पानं होती म्हणे, पत्ते टेबलावर आपटले आणि चप्पल घालून गेला, अजून तोंड फुगवून आहे.

तर प्रश्न एवढाच: उतारी शिकायला पुस्तक, ॲप का क्लास? बजेट 500, त्यावर रुपया नाही.

मिरज_जंक्शन
आधी पत्ते कुठले वापरता ते सांगा. कागदी असतील तर सगळं सोडा आणि शंभर टक्के प्लास्टिकचे केमचे घ्या. मी घेतले तेव्हा बायको म्हणाली एवढ्याला साडी आली असती, पण अजून नवे वाटतात. आमच्यात भडंग खात खेळतात सगळे, तेलाचे हात, कागदी कॅट आठवड्यात चिकटतं आणि वाटताना दोन पानं एकदम जातात. केम धुता येतात. 500 मध्ये मात्र बसणार नाहीत.

चौथं_पान
उतारी बरोबरच होती की तुमची. नो ट्रम्पला लांब रंगातलं वरून चौथं पान, राणी-नव्वी-सत्ती-चव्वी, चव्वी चौथी, विषय संपला. शिवाय भिडूला 11 चा नियम लावता येतो. 11 मधून 4 गेले, राहिले 7, म्हणजे तुमचा हात सोडून बाकी तिघांत मिळून चव्वीपेक्षा मोठी 7 पानं. साडूला चारही हात बघून अक्कल आली, ती सगळ्यांनाच येते.

नोट्रम्प_नाना
चौथं पान चौथं पान घोकून घोकून पिढ्या बरबाद झाल्या. बोली ऐकायची असते! उत्तरेनं स्टेमन विचारलंच नाही, सरळ 3 वर गेला, म्हणजे त्याच्याकडं बदाम किंवा इस्पिक चार पानी नसणार, चौकट-किलवर लांब असणार. मग तुम्ही त्याच्याच चौकटमध्ये कशाला शिरता? इस्पिक गुलाम टाकायचा. मी तर डोळे झाकून टाकला असता. (क्लास लावू नका, मी लावला होता, सर स्वतःचीच सर्टिफिकेटं दाखवत बसायचे.)

चौथं_पान
नाना, तीन पानांवर गुलाम टाकून भिडूकडं बदाम निघाले असते तर? पाच पानी रंग सोडून रोज असा गुलाम टाकाल तर दहातले सात डाव द्याल.

नोट्रम्प_नाना
द्या मग चौकटची दश्शी फुकट. दिलीच की यांनी.

सातारकर_कंदी
आमच्या साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका डॉक्टरांच्या गच्चीवर खेळतो आम्ही, चहा आणि पेढे घरचे. तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर राजाखालून उतारी (राजा असलेल्या रंगातलं लहान पान टाकणं) कधी करायची नाही हा नियम पाठ करा, एक रुपया लागत नाही. आणि पुण्याला एखादी पेअर्स स्पर्धा खेळून या, आम्ही जाऊन आलो, शेवटून तिसरे आलो पण अनुभव मोठा. जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च धरून जरा वर जाईल.

चौथं_पान
यांनी राजाखालून कुठं केली, राणीखालून केली. आणि नो ट्रम्पला राजाखालून बिनधास्त करतात, तो नियम हुकमाच्या डावात एक्क्याखालून करू नये असा आहे, तुम्ही दोन गोष्टी मिसळल्या.

सातारकर_कंदी
असेल. डॉक्टर असंच सांगतात.

साधा_माणूस_७७
पत्ते म्हणजे जुगार, वेळ वाया. त्यापेक्षा सकाळी आमराईत फिरायला जा.

मिरज_जंक्शन
दादा, 2018 च्या एशियाडला जकार्तात प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये भारताला सोनं आणलंय, एकाचं वय 60 आणि दुसऱ्याचं 56. आणि सुप्रीम कोर्टानं 1967 मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हणताना तुलना ब्रिजशीच केली होती. फिरायला तर आम्ही जातोच.

विश्रामबाग_वैनी
सगळे उतारीवर भांडताय आणि डाव हातातून गेला तो किलवर राजा घेतल्यावर. उतारीनं एक हात दिला, मान्य. पण चव्वी काही वेडी उतारी नव्हती, मीही बहुतेक तीच केली असती. दुसरी संधी मात्र तुमच्या दारात येऊन उभी होती.

मोजून बघा. गड्डीत पॉइंट 40. तुमच्याकडं 6. डमीत 10. दक्षिण 15 ते 17. म्हणजे भिडूकडं 7 ते 9. ते कुठं आहेत? चौकट एक्का-गुलाम डमीत, राणी तुमच्याकडं. भिडूला दुसऱ्या चौकटीला रंग नव्हता, म्हणून चौकट राजा दक्षिणेकडं. किलवर राणी तुमच्या राजापर्यंत फिरवत आणली, म्हणजे एक्काही दक्षिणेकडंच धरा. भिडूचे सगळे पॉइंट मग बदाम-इस्पिकमध्येच राहिले, आणि त्यानं टाकली इस्पिकची नव्वी. मोठं पान. ह्याहून मोठ्यानं तो काय ओरडणार होता?

राजा घेतल्या घेतल्या इस्पिक गुलाम, मग दश्शी. दक्षिणेनं राजा घातला तर भिडूचा एक्का आहे, नाही घातला तर तुम्ही तिर्री लावा. कसंही करा, इस्पिकचे चार हात आणि किलवर राजा, पाच हात तुमचे. 3 नो ट्रम्प एकानं बुडतं. त्यांचे 430 राहू देत, तुम्हाला 50 मिळतात.

पैसे खर्च करू नका. बीबीओवर (ब्रिज बेस ऑनलाइन, नेटवर ब्रिज खेळायची साइट) खातं फुकट आहे, खेळून झाल्यावर चारही हात उघडे करून कुठं चुकलं ते बघता येतं. साडूला घेऊन दोघं जोडीनं बसा.

नोट्रम्प_नाना
वैनी, पण पहिलाच गुलाम टाकला असता तर डाव तेव्हाच बुडाला असता हे मान्य करा.

विश्रामबाग_वैनी
हे हात असे होते म्हणून, हो. दश्शीचा फुकट हात गेला नसता आणि किलवर तरी राजाला हरणारच होते. बोलीचा तुमचा मुद्दा खोटा नाही, तेवढ्यावर दर वेळी पैज लावू नका एवढंच म्हणणं.

उलटी_गंगा
सगळं बरोबर पण नव्वी म्हणजे "हा रंग हवा" हे तुमच्यात ठरलंय का? आम्ही उलटं खेळतो, लहान पान म्हणजे हवं, मोठं म्हणजे नको. कारण सोपं आहे, चांगल्या रंगातलं मोठं पान फेकून हात का घालवायचा. तुमच्यात ठरलं नसेल तर दोष दोघांचा.

चौथं_पान
नवख्यांना उलटं शिकवू नका हो. मोठं म्हणजे हवं, सगळीकडं हेच.

उलटी_गंगा
सगळीकडं नाही. आमच्यात नाही.

मिरज_जंक्शन
चौथं पान बरोबर होतं असं माझंही मत. आणि पत्ते कुठले वापरता ते अजून सांगितलं नाही.

गावभागचा_भिडू
कागदीच वापरतो, स्टेशनरीतले. भडंग आमच्यातही असतं.

वैनी, तुमचं वाचून साडूला दाखवलं. तो म्हणाला "मी हेच बोंबलत होतो". बोंबलला कधी, पत्ते आपटले. नव्वी मी बघितली होती, पण हा गडी कधीही काहीही फेकतो, मागच्या वेळी असंच मोठं पान फेकलं होतं आणि तो रंग लावला तर हातात एक्का पण नव्हता. आता मोठं म्हणजे हवं असं ठरवून कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्यात. उलट्यावाले दादा, माफ करा.

पण खरा निर्णय वेगळाच झालाय. पुस्तक नको, ॲप नको, केम नकोत, पुणे तर नकोच. बोलीची कार्डं करून घेतोय. आम्ही तोंडानं बोली बोलतो ना, तर आमचा साडू चांगला हात असला की "वन नो ट्रम्प" असं छाती काढून म्हणतो आणि 15 काठावरचे असले की खोकत म्हणतो. समोरच्या दोघांना आमचे पॉइंट बोलायच्या आधीच कळतात, आणि मलाही कळतात, ते तर नियमात बसतच नाही. अशा कार्डांचे विकतचे चार बॉक्स बजेटच्या पार वर जातात. म्हणून माधवनगरला ओळखीच्या प्रेसवर जाड पुठ्ठ्यावर छापतोय. 1 किलवरपासून 7 नो ट्रम्पपर्यंत 35 बोल्या, शिवाय पास, डबल, रिडबल. चौघांचे चार सेट, 450 मध्ये करतो म्हणालाय.

विश्रामबाग_वैनी
अहो, उतारी विचारायला आला होता तुम्ही.

गावभागचा_भिडू
ती बीबीओवर फुकट शिकतो की. तुम्हीच सांगितलंत.

नोट्रम्प_नाना
कार्डं आली तरी साडू ती आपटेलच टेबलावर.

उलटी_गंगा
पासची कार्डं एका सेटला एकच छापू नका, एका बोलीत एकच माणूस तीन-तीनदा पास म्हणतो. निदान आठ ठेवा. डबलची पण दोनतीन.

गावभागचा_भिडू
हे बरं झालं सांगितलं, प्रूफ उद्या येणार होतं. प्रेसवाल्याला फोन करतो.

मिरज_जंक्शन
पुठ्ठ्यावर लॅमिनेशन करून घ्या. भडंग.

सातारकर_कंदी
आमच्या डॉक्टरांना पण एक सेट हवाय म्हणाले, जास्तीचे छापले तर कितीला पडतील विचारून सांगाल का? साताऱ्याला कोणी येणार असेल तर हातात पाठवा, कुरिअरला उगाच खर्च.