पिकअपचा पुढचा डावा ब्रेक जाम होतोय, मदत हवी आहे

मंडळी, १५-२० किमी चालवली की डावं पुढचं चाक एवढं तापतं की रिमला हात लावता येत नाही, जळका वास येतो आणि गाडी डावीकडे ओढते. जॅक लावून बघितलं तर चाक हाताने जेमतेम फिरतंय, ब्लीडर निपल (ब्रेक ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) सैल करून प्रेशर सोडलं तरी तसंच, म्हणजे होज पाईप (ब्रेक ऑइलची रबरी नळी) चोक नसावा ना? कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ज्यावर सरकतो ती खालची स्लाईड पिन गंजलेली होती, ती घासून सिलिकॉन ग्रीस लावलं, आता मस्त सरकते. पण आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजलाय आणि पिस्टन सी-क्लॅम्पने पण लय जड जातोय आत, पिस्टनवरचा रबरी बूट (धूळ-पाणी अडवणारं कव्हर) फाटून कडेला गंज दिसतोय. सील किट टाकून भागेल का कॅलिपरच बदलू? ब्रेकचं काम आहे, रिस्क नको वाटते. कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.