अनुभव धागा: शर्यत बिघडल्यावर तुम्ही कोणते कारण सांगितलेत?

गेल्या महिन्यात ४० किलोमीटरच्या सायकल शर्यतीत मी बरीच मागे पडले आणि घरी आल्या आल्या सांगून टाकले, की वारा समोरून होता. त्यावर धाकट्या भावाने विचारले, "ताई, जाऊन परत त्याच रस्त्याने यायचे होते ना? मग येताना तोच वारा पाठीशी नव्हता का?" मला उत्तर सुचले नाही; पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून रात्री कागदावर आकडे मांडले. वारा नसताना ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने ४० किलोमीटरला ८० मिनिटे लागतात. जाताना वेग २४ वर आला आणि येताना तो ३६ झाला असे धरले, तर जायला ५० मिनिटे आणि यायला ३३ मिनिटे २० सेकंद लागतात. म्हणजे गमावलेला वेळ पूर्ण भरून निघत नाही, कारण वारा समोरून असतो तेव्हा आपण रस्त्यावर अधिक वेळ असतो. माझे कारण खोटे नव्हते. मात्र वारा सर्वांनाच होता, आणि पुढे गेलेले स्पर्धक घोळक्यात एकमेकांच्या आडोशाने सायकल चालवत होते, तर माझा घोळका पहिल्या वळणावरच सुटला होता. ही गोष्ट मी भावाला सांगितली नव्हती.

अशी कारणे आपण सगळेच सांगतो, ऐकणारे हसतात आणि विषय तिथेच संपतो. ती नीट तपासली जावीत असे मला मनापासून वाटते. तुम्ही काय सांगितलेत आणि पुढे काय आढळले, ते कृपया सविस्तर लिहावे.

*

मी सांगितले होते, की मागचा ब्रेक घासत होता. "नाचता येईना अंगण वाकडे" हे तीन जणांकडून ऐकून झाल्यावर आमच्या गटातील एका ज्येष्ठ काकांनी काही न बोलता माझी सायकल उचलली आणि मागचे चाक हाताने फिरवले. एरवी कितीतरी वेळ फिरत राहणारे ते चाक अडीच फेऱ्यांत थांबले. काकांनी खाली वाकून पाहिले, तेव्हा डाव्या बाजूचा ब्रेक पॅड रिमला चिकटलेला होता आणि रिमवर त्याची काळी रेघ उमटली होती. सायकल गाडीत घालून आणताना चाक काढले होते. ते पुन्हा बसवताना आस फ्रेमच्या खाचेत सरळ बसला नव्हता. काकांनी चाक सैल केले, सायकल जमिनीवर टेकवून वरून भार दिला आणि पुन्हा आवळले. तेव्हापासून चाक बसवले की मी ते एकदा फिरवून पाहतो.

*

"आदल्या रात्री झोप लागली नाही" हे माझे नेहमीचे कारण आहे आणि ते दर वेळी खरे असते. तपासण्यासारखे त्यात काही सापडले नाही.

*

शेवटच्या चढावर माझे पाय एकाएकी गेले, आणि मी खापर फोडले ते चढावर. वास्तविक तो चढ मी सरावात अनेकदा चढलो होतो. जोरात सायकल चालवताना शरीरात साठलेले ग्लायकोजेन (म्हणजे स्नायू आणि यकृतातला साखरेचा साठा) साधारण दीड-दोन तासांत संपत येते, म्हणून लांबच्या शर्यतीत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावी लागतात, हे मला पाठ होते. तरीही घोळक्याच्या वेगात हात हँडलवरून काढायची भीती वाटल्याने पहिला पाऊण तास मी काहीच खाल्ले नाही, मग आणखी पाऊण तास गेला. अखेर कर्बोदकांच्या जेलचे पाकीट काढले, तेव्हा बोटे इतकी थरथरत होती की कोपरा फाटेना. तो दातांनी तोडला, तोवर घोळका दिसेनासा झाला होता. आता घड्याळ दर २० मिनिटांनी वाजते आणि भूक असो वा नसो, मी खातो.

*

माझी चढावर चेन उतरली. हे कारण ऐकल्यावर कुणी वाद घातला नाही, कारण २०१० च्या टूर द फ्रान्स या अनेक दिवस चालणाऱ्या सायकल शर्यतीत अँडी श्लेक या नावाजलेल्या सायकलपटूचीही चेन चढावर उतरली होती आणि त्या दिवशी त्याने ३९ सेकंद गमावले होते. माझ्या बाबतीत मात्र पेडलवर पूर्ण जोर देत असतानाच मी पुढचा गिअर बदलला होता. गिअर बदलताना क्षणभर पाय हलके ठेवण्याचा सराव सध्या करते आहे.

*

मी सर्वांना गुडघा दुखतो असे सांगितले, आणि ते धादांत खोटे होते. सीटच्या घर्षणाने नको त्या जागी फोड आला होता आणि तो सांगायची लाज वाटत होती. पुढे वाचनात आले, की १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये लॉरां फिन्यों शेवटच्या दिवशी ५० सेकंदांनी पुढे असूनही ग्रेग लेमाँडकडून अवघ्या ८ सेकंदांनी हरला, तेव्हा त्यालाही हाच त्रास होता. एवढ्या मोठ्या स्पर्धकाला जे झाले ते सांगायला मी का कचरावे, असे वाटून मी प्रशिक्षकांना खरे काय ते सांगितले. त्यांनी मला त्यांच्यासमोर सायकल चालवायला लावली आणि मागून पाहून सांगितले, की सीट उंच असल्यामुळे प्रत्येक पेडलला माझी कंबर डावी-उजवीकडे झुलते आहे. सीट ६ मिलिमीटर खाली आली, फोड पंधरा दिवसांत बरा झाला, आणि लोकांना दाखवण्यासाठी गुडघ्यावर बांधत होतो तो पट्टा मी काढून ठेवला.